टॅकल की फ्लॅग? पोराचं नाव घालण्याआधी

अमेरिकेत मुलगा पाचवी-सहावीत गेला की उन्हाळा संपता संपता आपल्या घरांतून हा वाद निघतोच: पोरानं अमेरिकन फुटबॉल टॅकल (समोरच्याला धडकून पाडायचं) खेळावा की फ्लॅग (पाडायचं नाही, नुसती कमरेची पट्टी ओढायची). आमच्या लेकानं दोन सीझन टॅकल खेळलं, आता फ्लॅगचं दुसरं वर्ष. नियम, फी, पॅड हे तुम्हाला ठाऊक असेल, ते सोडून देतो.

टॅकलला सरसकट नावं ठेवणार नाही. आमचा लेक अंगानं भरलेला, पळण्यात मागे. टॅकलमध्ये अशा पोराला समोरच्यांना अंगानं अडवणाऱ्या लाइनवर मानाची जागा असते. फ्लॅगमध्ये चपळ पोरांचं राज्य. पहिल्या वर्षी हा बिचारा समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढायला झेपावायचा आणि हातात नुसती हवा यायची. टीमची घट्ट दोस्तीही टॅकलमध्ये जास्त जुळते, असं माझं मत.

मला खटकलं ते हेल्मेट. मॅचहून आलो की मी गॅरेजमध्ये ते ओल्या फडक्यानं पुसायचो. आमचं पांढरं, त्यावर समोरच्या टीमच्या हेल्मेटचा रंग लागलेला असायचा. एका शनिवारी निळे पट्टे मोजले, अकरा भरले. पुसलेले लेकाला चालायचे नाहीत, पोरं ते पदकासारखे मिरवायची. बरं, हे फक्त मॅचचे. सरावात पांढऱ्यावर पांढरं घासतं, त्याचा हिशेब कोण ठेवणार? कोचना विचारलं, तर म्हणाले, "एकही कन्कशन नाही." खरं होतं ते. कन्कशन म्हणजे डोक्याला मार बसून चक्कर वगैरे आणणारी मेंदूची इजा. पण मी विचारत होतो डोकं किती वेळा आपटलं, आणि ते सांगत होते चक्कर किती वेळा आली.

आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "हेल्मेट असतं ना रे, मग?" हेल्मेट कवटी वाचवतं. सुका नारळ हलवून बघा, करवंटी शाबूत असते आणि आत गोटा खुळखुळतो.

सीडीसीनं (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) ६ ते १४ वयाच्या मुलांच्या माउथगार्डमध्ये सेन्सर बसवून धक्के मोजले होते. २०२१ मध्ये आलेला आकडा असा: सीझनभरात एका मुलामागे टॅकलमध्ये साधारण ३७८, फ्लॅगमध्ये ८. तो वाचला आणि माझे अकरा पट्टे एकदम किरकोळ वाटेनात. बोस्टन विद्यापीठानं २०२३ मध्ये तिशीच्या आत वारलेल्या, धक्काबुक्कीचे खेळ खेळलेल्या १५२ जणांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. ६३ जणांत सीटीई (डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार) सापडलं, आणि त्यातले बहुतेक हौशी खेळाडू होते. आता, मेंदू दान करणाऱ्या घरांना आधीच काही शंका असते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या पोरांना लावू नये. शिवाय सीटीई जिवंतपणी पक्कं सांगता येत नाही. पण कन्कशनच्या संख्येपेक्षा वर्षानुवर्षांच्या धक्क्यांची एकूण बेरीज महत्त्वाची, असं याच मंडळींचं काम सुचवतं. ही बेरीज कोचच्या वहीत नसते.

फ्लॅग अगदी निर्धोक आहे असंही नाही. गुडघे खरचटतात, बोटं मुरगळतात. गेल्या वर्षी दोघांची टक्कर झाली आणि लेकाच्या कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. पण ते मला दिसलं, त्यावर बर्फ लावता आला.

"हा खरा फुटबॉल नाही" ही कुरकुर तुमच्याकडेही होईल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग आहे, हे सांगून पाहा. आमच्याकडे आठवडाभर पुरलं. अमेरिकन फुटबॉलमधला मोठा स्टार टॉम ब्रेडीसुद्धा हायस्कूलच्या आधी टॅकल खेळला नव्हता, हे थोडं जास्त टिकलं.

पुढच्या वर्षी लेक नववीत जाईल, तेव्हा विषय पुन्हा निघणार. निळे पट्टे असलेलं ते हेल्मेट त्यानं टाकू दिलेलं नाही, गॅरेजच्या फळीवर आहे. परवा घालून बघत होता, कानांवर अडकलं.