चहाचा डाग असलेली केसरबाईंची एलपी

जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, खास करून कोल्हापूर-सांगली भागातल्यांनी. गेल्या पावसाळ्यात माझे साडेसहा हजार रुपये गेले, आणि ज्या युक्तीनं गेले ती अजून चालू आहे.

ओळखीतल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून एकाचा फोन आला. "आज्ज्याचा संग्रह हाय सर, शिवाजी पेठेतलं घर पाडाय काढलंय, ठेवायला जागा न्हाई." एकूण नऊ एलपी, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्डी. त्यातल्या केसरबाई केरकरांच्या एलपीचा फोटो बघितला आणि पुढचं मी नीट ऐकलंच नाही. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथेच होते, त्यामुळे ही गायकी आम्हा कोल्हापूरकरांना घरची वाटते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतीय संगीत म्हणून आहे तो त्यांचाच आवाज. शिवाय मी रेकॉर्डी जितक्या गाण्यासाठी घेतो तितक्याच कव्हरांसाठी. बारा इंची चौकोन मांडीवर घेऊन, मागचा राग-तालाचा मजकूर वाचत ऐकण्यातच माझं सगळं संगीतशिक्षण झालं.

भेट रंकाळ्यावर ठरली, दिवेलागणीला. वरच्या दोन रेकॉर्डी त्यानं स्वतःहून काढून दाखवल्या. त्या खऱ्या होत्या, एचएमव्हीच्या, एक ओरखडा नाही. बाकीच्या सात प्लास्टिकमध्ये टेप लावून बंद. "काढू नकासा सर, पावसाची हवा हाय, बुरशी धरंल." मला पटलं, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्डींना बुरशी खरंच धरते. केसरबाईंच्या कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल वळ उमटलेला, उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग, मागे निळ्या शाईत "सप्रेम भेट". इतकी वापरलेली वस्तू खोटी असेल हे मनातही आलं नाही. फोनवरूनच पैसे पाठवले.

घरी येऊन सुई टेकवली तर कुठल्यातरी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचं वादन सुरू झालं. आधी वाटलं, चुकून आतल्या रेकॉर्डी बदलल्या असतील. मग सहज कव्हरवरून बोट फिरवलं. जुन्या कव्हरवरचा वळ हाताला लागतो. वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यानं तबकडीची कड पुठ्ठ्यात उमटते आणि त्या उंचवट्यावरची शाई घासली जाते. इथे बोट सपाट गेलं. वळ छापलेला होता. डाग छापलेला, "सप्रेम भेट"सुद्धा छापलेलं. कुणीतरी खरं कव्हर त्याच्या सगळ्या जखमांसकट स्कॅन करून, छापून, एका टाकाऊ कव्हरवर चिकटवलं होतं. भिंगाखाली धरल्यावर शंका उरली नाही. खऱ्या कव्हरांच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात. इथे नुसते बारीक शिंतोडे होते.

रेकॉर्डचं लेबलही तसंच. नखानं कड उचलली आणि खालून दुसऱ्याच कंपनीचं लेबल निघालं. लेबल चिकटवता येतं, पण गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यातला नंबर तबकडी साच्यात दाबतानाच उमटलेला असतो, तो बदलता येत नाही. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, तो नंबर वाचायचा, लेबलवर त्या बाजूसाठी छापलेल्या नंबराशी ताडायचा. मी हे एरवी दर वेळी करतो. त्या संध्याकाळी वरच्या दोन रेकॉर्डींवर केलं आणि तेवढ्यावर थांबलो. त्यानं त्या दोन वर ठेवल्या होत्या त्या एवढ्यासाठीच. सातही खोट्या निघाल्या. विकणारा बंद पाकीट उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका, आणि संध्याकाळच्या उजेडात तर भेटूच नका.

त्याचा फोन दुसऱ्या दिवशीच बंद झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्जही दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

हे लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं. गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका मित्रानं मोठ्या आनंदानं नव्या खरेदीचा फोटो पाठवला. केसरबाईंची एलपी. गोल वळ तोच, आणि उजव्या कोपऱ्यात तोच चहाचा डाग. मी त्याला एवढंच लिहिलं, "मागे निळ्या शाईत काय लिहिलंय बघ."