लादी चकचकीत झाली, चौदा दिवसांपुरती

५५,६०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात मी अजून ३०,००० च सांगितलाय.

तळकोकणात आमचं गावचं घर आहे. ओटी आणि माजघर मिळून ४८० चौरस फूट लाल मातीची लादी, आजोबांनी घातलेली, पाठीमागे मंगळूरच्या कारखान्याचा छाप. चकाकी अजिबात नाही, तेल सांडलं की पिऊन टाकते. डाग बरेच झाले होते, चतुर्थी अठरा दिवसांवर आली होती आणि मला रजा चारच दिवस. त्यात फेसबुकवर जाहिरात दिसली : जुन्या लादीला 'जर्मन नॅनो सीलर' (डाग मुरू न देणारं रसायन), दहा वर्षांची वॉरंटी. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जाहिरातवाला म्हणाला, "काका, तुमच्यासाठी म्हणून" ८५ रुपये फूट. झाले ४०,८००, त्यातले निम्मे आगाऊ. आल्यावर म्हणाला, ही फक्त मजुरी, सीलर वेगळा. दोन कॅन, प्रत्येकी ७,४००. दिले.

पहिल्या दिवशी त्याने लादीवर ॲसिड ओतलं. फेस आला. "बघा काका, चाळीस वर्षांचा मळ निघतोय." मी बघितलं, वर व्हिडिओ काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकला. तो व्हिडिओ आता मी कितीदा पाहिलाय! फेस लादीवर नाहीच. फक्त सांध्यांवर आहे, चौकोनी पांढरी जाळी टाकल्यासारखा. सांधे चुन्याचे. चुन्यावर ॲसिड पडलं की फेस येतो हे शाळेत शिकवतात, आणि मी तर केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. आजोबांचे सांधे विरघळत होते आणि मी त्याला चहा विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी काकी अनवाणी ओटीवर आली आणि म्हणाली, "रे, पायाक गार लागता. अजून सुकाक नाय." मी तिला गप्प बसवलं. दुपारी थर मारून झाला. संध्याकाळी त्याने पाण्याचा थेंब टाकून दाखवला, अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला. मी तिथल्या तिथे उरलेले २०,४०० पाठवले. अहो, थेंब प्लॅस्टिकवरूनही घरंगळतो!

अगदीच बावळट नाही मी. बिल मागितलं होतं, मिळालंही, जीएसटी नंबरासकट. दुकान कोल्हापूरचं सांगितलं आणि नंबर २४ ने सुरू. महाराष्ट्राचा २७ ने होतो, २४ गुजरातचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव फुकटात दिसतं. मी टाकला तो पैसे गेल्यावर. कुणा कापडवाल्याचा निघाला.

चतुर्थीला पाहुणे उठले, चटई उचलली, तर लादीवरचा पापुद्रा चटईला चिकटून आला. खाली पांढरे चट्टे. खालची ओल वर यायला वाटच राहिली नव्हती. कॅनला थिनरचा वास येत होता, म्हणजे फर्निचरवर मारतात तसलंच काहीतरी असणार. मातीच्या लादीला आत मुरणारा सीलर लागतो, वर कातडं धरणारा नाही, आणि तोही कोरड्या लादीवर. श्रावणात कोकणात काय सुकतं? लादीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतून घाम धरला तर येणाऱ्याला वैशाखात बोलवा. ॲसिडची बाटली काढली तर बोलवूच नका.

आता पोलीस. गावचं ठाणं म्हणतं, पैसे मुंबईच्या खात्यातून गेले, तिकडे जा. इकडचं म्हणतं, लादी गावची, तिकडे जा. तिसऱ्या खेपेला एका हवालदाराने विचारलं, "जबरदस्तीने घेतले का? काम झालंय ना? मग दिवाणी मामला." खोटा जीएसटी नंबर दाखवला तर म्हणे, ते जीएसटीवाल्यांना सांगा. चारशेवीसचं आता ३१८ झालंय एवढी माहिती मात्र आवर्जून दिली. साहेब विसर्जनाच्या बंदोबस्ताला, मग रजेवर, मग त्यांची बदली. अर्जाची पोच अजून मिळालेली नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, मी दिला. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, तिथे जायचं ठरवलंय, पण नोटीस पाठवायला पत्ता हवा ना! बिलावरचा पत्ता एका बंद गाळ्याचा.

मला त्याने ब्लॉक केलंय. बहिणीच्या फोनवर मात्र त्याचं व्हॉट्सॲप दिसतं. प्रोफाइलला आमच्याच ओटीचा फोटो आहे, त्या संध्याकाळचा, लादी आरशासारखी. कोपऱ्यात काकीचा आडाळो, म्हणजे विळी, दिसतो.