रबरी ब्रेक पाइप की स्टील ब्रेडेड? ट्रॅकला निघालेल्या पुणेकरासाठी

पहिला ‘ट्रॅक डे’ (आपली बाइक रेसट्रॅकवर चालवायचा दिवस) ठरला की कट्ट्यावर दोनच विषय निघतात: लेदर सूट भाड्याने कुठे मिळेल आणि ब्रेडेड लाइन, म्हणजे तारांची वीण असलेले ब्रेक पाइप, टाकायच्या का. सूटचं लवकर मिटतं. ब्रेक पाइपबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं, आणि ज्याने ते कधीच बदललेले नाहीत त्याचं सर्वांत ठाम. मी एकाच गाडीवर दोन्ही वापरलेत, एकदा हातही पोळून घेतलाय, म्हणून लिहितोय.

आधी गाडीकडे नीट बघा. चाकणहून येणारी केटीएम ड्यूक किंवा आरसी असेल, किंवा टीव्हीएसची आरआर ३१०, तर लाइन कंपनीतूनच ब्रेडेड असते. वरचं आवरण काळं असलं की रबरी वाटून फसायला होतं. अशी गाडी असेल तर ते पैसे पॅड (डिस्कला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) आणि ब्रेक ऑइलसाठी ठेवा. पुढचं लिखाण रबरी पाइपवाल्यांसाठी, त्यातही जुन्या दीडशे-दोनशे सीसीवाल्यांसाठी.

रबरी पाइपमध्ये आत रबराची नळी, मध्ये धाग्याची वीण आणि वर पुन्हा रबर असतं. ब्रेडेडमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची घट्ट वीण. लिव्हर दाबला की ऑइल जवळपास दाबलं जात नाही, पण रबर किंचित फुगतं. तुमच्या बोटांचा थोडा जोर त्या फुगण्यातच जातो. खात्री करायची असेल तर गाडी स्टँडवर लावा, एका हाताने पुढचा पाइप चिमटीत धरा आणि दुसऱ्याने लिव्हर करकचून दाबा. सात-आठ वर्षं जुना पाइप असेल तर बोटांखाली हलकासा ठोका जाणवतो. ब्रेडेडवर तो जाणवत नाही.

इथेच पहिला गैरसमज सुटायला हवा. ब्रेडेड लाइनने ब्रेकची ताकद वाढत नाही. लिव्हरजवळ ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच, चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर तोच, पॅड तेच, आणि गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीवर. बदलतो तो लिव्हरचा निरोप: चावा कुठे सुरू होतो आणि किती दाबलं की किती लागतो, हे दर वेळी सारखंच कळतं. ट्रॅकवर वळणात शिरतानाही बोट लिव्हरवरच असतं, त्यामुळे तिथे या निरोपाला किंमत आहे. डेक्कनच्या सिग्नलला नाही.

आता उष्णतेचं बघू, कारण खरा खेळ तिथे आहे. सिग्नलला ६० च्या वेगावरून थांबताना ब्रेक जेवढी ऊर्जा गिळतो, त्याच्या सुमारे साडेचार पट ऊर्जा १४० वरून ६० वर येताना गिळतो. वेगाच्या वर्गाचा साधा हिशोब करून पाहा. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला किंवा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेला हे एका लॅपमध्ये पुन्हा पुन्हा होतं आणि ब्रेकला गार व्हायला फारशी उसंत मिळत नाही. ताम्हिणीत कितीही जोरात गेलात तरी पुढे एसटी येते आणि ब्रेक गार होतो.

म्हणून पाइप बदलण्याआधी लिव्हर नेमका कधी आणि कसा बिघडतो ते पाहा. गाडी गार असताना, सकाळी पहिल्या दाबालाच तो लुसलुशीत लागत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पाइप थकलाय. सुरुवातीला ठणठणीत असलेला लिव्हर चार-पाच लॅपनंतर हँडलच्या दिशेने आत जायला लागला, तर ऑइल उकळतंय. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. आणि लिव्हर दगडासारखा घट्ट आहे पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, असं असेल तर पॅडने दम सोडलाय. तीन दुखण्यांपैकी ब्रेडेडचं औषध फक्त पहिल्याला लागू पडतं, आणि त्यातही हवा असेल तर आधी हवा काढायची. गंमत म्हणजे ट्रॅकवर बहुतेकांना छळतं ते दुसरं दुखणं.

ऑइलचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘डॉट’ हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा कोरडा, म्हणजे ताज्या ऑइलचा, उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पाणी मुरल्यावर हेच १४०, १५५ आणि १८० वर येतात. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि रबरी पाइपच्या भिंतीतूनही ओल आत झिरपते. चार महिने पाऊस खाल्लेली पुण्याची गाडी दिवाळीनंतर थेट ट्रॅकवर नेणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावं. टेफ्लॉनमधून ओल खूपच कमी शिरते, हा ब्रेडेडचा कमी बोलला जाणारा फायदा. आणखी एक: नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ५.१ शी त्याचं नातं फक्त नावापुरतं. ते या गाड्यांत ओतू नका.

जुना पाइप काढायचाच असेल तर कंपनीचा नवा रबरीही चालतो, हा पर्याय कोणी सुचवतच नाही. लांबी बरोबर, वळणं बरोबर, वॉरंटीची कटकट नाही. वर्षात एक-दोन ट्रॅक डे आणि बाकी वेळ कर्वेनगर ते हिंजवडी, असा वापर असेल तर नवा रबरी पाइप, ताजं डॉट ४ आणि चांगले पॅड एवढ्यात गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. रबरी पाइप म्हातारा झाला की वरून भेगा तरी दिसतात. ब्रेडेडच्या आतली नळी दुमडली गेली तर बाहेरून पत्ता लागत नाही, आणि एकदा दुमडलेली लाइन पुन्हा वापरायची नसते.

एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर हिशोब बदलतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तिथे लाइन मास्टर सिलिंडरकडून आधी मॉड्युलेटरला (ऑइलचा दाब कमी-जास्त करणारा एबीएसचा डबा) आणि तिथून कॅलिपरला जाते, म्हणजे पाइप जास्त, जोड जास्त, पैसेही जास्त. मॉड्युलेटरमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांत कंपनीचं मशीन लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. ते मशीन नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. आणि एबीएस बगल देऊन सरळ लाइन टाकू म्हणणाऱ्याला विचारा, ट्रॅकपर्यंतचे बाराशे किलोमीटर गाडी टेम्पोतून नेणार की चालवत?

ब्रेडेड घ्यायचं ठरलं तर तुमच्या मॉडेलसाठी तयार मिळणारा संच घ्या. नाना पेठेत मापावर बनवून देणारेही भेटतात; हँडल खाली घेतलं असेल तर ते सोयीचं पडतं, पण टोकाची जोडणी मशीनवर दाबलेली आणि दाबावर तपासलेली हवी. वर प्लास्टिकचं आवरण असलेलीच घ्या. मी हौसेने उघड्या तारांची चकचकीत लाइन घेतली होती. दोन महिन्यांत तिने फेअरिंगची (गाडीवरच्या प्लास्टिकच्या कवचाची) आतली कड कानशीने घासावी तशी खाल्ली.

दुसरी चूक माझी कमी आणि एका गॅरेजची जास्त. पाइपचं टोक कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला बँजो बोल्ट म्हणतात; त्याचे तांब्याचे वॉशर एकदाच चेपायचे असतात. तिथे जुनेच परत बसवले. वारज्यापर्यंत येईतो फोर्कवर ओला ओघळ आला होता आणि कॅलिपरचा रंग सुरकुतला होता. तेव्हापासून वॉशर मी स्वतः विकत नेतो. ब्रेक ऑइल सांडलं तर नुसतं पुसू नका, भरपूर पाण्याने धुवा. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच, टॉर्क पान्याने आवळा. बँजो बोल्टच्या आट्यांमधलं अंतर १.० किंवा १.२५ मिलिमीटर असं दोन प्रकारचं येतं, चुकीचा बोल्ट दोन फेरे गोडीत जातो आणि मग कॅलिपरचे आटे घेऊन बाहेर येतो.

लाइन बसली की हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पुढचं चाक उचलून फोर्क (पुढचे शॉकअप) पूर्ण लांब होऊ द्या. लाइन कुठेही ताणता कामा नये, चाकाला शिवताही कामा नये. पहिल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर हाताला नवी सवय लावा. जुन्या जोराने दाबलात आणि एबीएस नसेल तर पुढचं चाक लॉक होऊ शकतं.

आणि बसवल्या रात्री लिव्हर दाबून रबरबँडने हँडलला बांधून ठेवा, प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. सकाळी पट्ट्या कोरड्या निघाल्या तर पेट्रोल भरून कात्रजकडे एक चक्कर मारून या. एक जरी पट्टी तेलकट असली, तर पाना बाहेर काढा, गाडी नको.