कातोचे युनिट्रॅक: हिशेबात पक्के, वळणात हट्टी

एन स्केल या छोट्या मापातल्या मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवरची रुळांची मांडणी, पहिल्यांदा उभारताना आराखडा कितीही मोकळेपणाने काढला, तरी अखेरीस तो हाती असलेल्या रुळांच्या लांबीत आणि त्रिज्येत बसवावा लागतो. कातो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांचा खरा गुण याच टप्प्यावर कळतो. ९ मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) रूळ, स्लीपर आणि खडीचा प्लास्टिकचा भराव हे सारे एकाच तुकड्यात येते. मुख्य सरळ तुकडे २४८, १८६, १२४ आणि ६२ मिलिमीटरचे, म्हणजे सगळे ६२च्या पटीत. तर २४९, २८२, ३१५, ३४८ आणि ३८१ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणांत प्रत्येकी नेमके ३३ मिलिमीटरचे अंतर असल्यामुळे दुहेरी मार्गातले अंतर सरळ भागात आणि वळणावर सारखेच राहते, आणि निम्मे नियोजन नुसत्या बेरीज-वजाबाकीने उरकते.

ही बेरीज मात्र पूर्ण करावी लागते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर २८२ त्रिज्येचे वळण घेताना व्यास ५६४, म्हणून दोन्ही कडांना १८ मिलिमीटर उरतील, असे मी धरून चाललो. पण त्रिज्या मोजली जाते ती रुळांच्या मध्यरेषेपर्यंत, आणि भराव २५ मिलिमीटर रुंद असतो. प्रत्यक्षात उरले जेमतेम साडेपाच. अशा कडेवर घसरलेला डबा फळीवर थांबत नाही.

सांध्यांची, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्या फाट्यावर वळवणाऱ्या तुकड्यांची, निवड विचारपूर्वक करावी. ४ क्रमांकाचा सांधा १२६ मिलिमीटर लांबीचा असून त्याच्या वळत्या फाट्याची त्रिज्या ४८१ आहे. ६ क्रमांकाचा १८६ मिलिमीटर लांब आणि ७१८ त्रिज्येचा. जागा असल्यास ६ क्रमांकाचाच घ्यावा, कारण लांब प्रवासी डबे त्यावरून डौलाने वळतात. शिवाय ज्या फाट्याकडे सांधा वळवलेला नाही तिकडचा वीजपुरवठा तो आपोआप तोडतो, त्यामुळे रुळांतली वीज कमी-जास्त करून गाडी चालवणाऱ्या साध्या डीसी नियंत्रणावर दुसरे इंजिन सायडिंगला (बाजूच्या मार्गावर) उभे ठेवण्यासाठी वेगळे बटण लागत नाही. ४ क्रमांकात ही सोय हवी की नको, ते तळाच्या स्क्रूंनी ठरवता येते.

रुळजोड घट्ट बसतात आणि मांडणी मोडून पुन्हा जोडता येते, म्हणून मनाचा निश्चय होईपर्यंत फळीवर काही चिकटवू नये. मोठ्या वर्तुळात मात्र एकाच ठिकाणाहून वीज दिल्यास दूरच्या टोकाला गाडी मंदावू शकते; दोन-तीन ठिकाणी जोडण्या द्याव्यात. कुठे थोडी फट उरलीच, तर ७८ ते १०८ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होणारा तुकडा कामी येतो, पण तो चुकलेल्या आराखड्यावरचा इलाज समजू नये. डोंगरकडेने नागमोडी जाणारा मार्ग ज्यांना हवा, त्यांनी लवचिक रुळांकडेच वळावे, कारण युनिट्रॅकची वळणे ठरावीक आहेत आणि त्यांना मनासारखा बाक देता येत नाही.