नैसर्गिक रबराची योगा मॅट: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

योगासनांचा सराव रोज व्हावा अशी माझी अनेक वर्षांची इच्छा होती आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्यात खंड पडत असे. त्याचे खापर मी माझ्या आळसावर फोडत आले. त्यात काही तथ्यही होते. परंतु कारणाचा मोठा भाग माझ्या पायाखालीच होता, हे मॅट बदलल्यावर ध्यानात आले. गेले चौदा महिने मी जी ५ मिलिमीटर जाडीची नैसर्गिक रबराची मॅट जवळजवळ रोज वापरत आहे, तिच्याविषयी म्हणूनच सविस्तर लिहीत आहे.

आधीची मॅट १० मिलिमीटर जाडीच्या मऊ फोमची होती. जितकी जाड तितकी चांगली असा माझा समज होता, आणि बोटाने दाबून पाहताना ती सुखदही वाटली होती. वृक्षासनात मात्र एका पायावर उभे राहिले की तळपायाखालचा फोम सतत दबत राही आणि घोटा सावरण्यातच सगळे लक्ष जाई. अधोमुख श्वानासनात, म्हणजे तळवे आणि पावले टेकवून कंबर वर उचलण्याच्या आसनात, तर त्रास अधिकच होता. तळहाताचा मनगटालगतचा भाग फोममध्ये रुतला की मनगट आवश्यकतेपेक्षा जास्त मागे वळते आणि खांद्यांकडे जायला हवा तो भार तिथेच साठून राहतो. त्यातच तळवे थोडे थोडे पुढे सरकत असल्यामुळे आसन सुटेपर्यंत श्वासाकडे लक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता. मनगटे दुखू लागली की दुसऱ्या दिवशी मॅट उलगडावीशी वाटत नसे, आणि असे दोन दिवस गेले की तिसरा आपोआपच जाई. पतंजलींनी आसनाचे वर्णन ‘स्थिरसुखम्’ असे केले आहे. मी सुखाच्या शोधात जाडी निवडली आणि स्थैर्य गमावून बसले.

रबराच्या मॅटवर पहिल्याच दिवशी फरक जाणवला. बोटे पसरून तळवे टेकवले की तर्जनीच्या मुळाशी त्वचा आणि रबर यांची पकड स्पष्ट जाणवते. हात जागचे हलत नाहीत, त्यामुळे बरगड्यांच्या बाजूने पाठ लांबवत नेता येते. सूर्यनमस्कारात पाय मागे नेताना मॅटला सुरकुती पडत नाही आणि वीरभद्रासनात मागच्या पावलाची बाहेरची कड घट्ट टेकलेली राहते. घसरण्याचा हा प्रश्न तसा जुनाच आहे. अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने जर्मनीत शिकवत असताना गालिच्याखाली घालायचे अस्तर कापून त्यावर सराव केला, पुढे त्यांच्या वडिलांनी त्याची विक्री सुरू केली, आणि आज सर्वत्र दिसणाऱ्या न घसरणाऱ्या मॅटचे मूळ तिथे आहे.

या मॅटचे वजन सुमारे अडीच किलो आहे. रोज वर्गाला ने-आण करणाऱ्याला ते निश्चितच जड होईल. माझ्या बाबतीत मात्र याच वजनाने उपकार केले: ती गुंडाळून ठेवणे जिवावर येऊ लागले, म्हणून मी ती खोलीच्या एका कोपऱ्यात अंथरलेलीच ठेवली. सकाळी उठून तिच्यावर फक्त उभे राहायचे असते. ज्या दिवशी उत्साह नसतो त्या दिवशी मी मार्जारासन, बालासन आणि पाच मिनिटांचे शवासन एवढेच करते. पण दिवस रिकामा जात नाही. असे थोडक्यात उरकण्याचे दिवस सुरुवातीला पुष्कळ होते. चौथ्या महिन्यापासून वीस मिनिटांचा सराव कधी पस्तीस मिनिटांवर गेला हे कळलेही नाही, आणि आता तो संपवताना थोडी हुरहुर वाटते. मॅटवर तळवे टेकतात त्या दोन जागांची नक्षी पुसट झाली आहे. ते मला मनापासून आवडते.

दोषही सांगायला हवेत. पहिले तीन आठवडे रबराचा उग्र वास येतो. सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवल्यावर तो हळूहळू ओसरतो. ऊन मात्र दाखवू नये, कारण उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात, आणि तेल लावलेल्या अंगाने सराव केल्यास पृष्ठभाग खराब होतो. या मॅटचा वरचा थर घाम शोषत नाही, त्यामुळे तळवे ओले झाले की पकड कमी होते. मी हाताशी सुती पंचा ठेवते. अंथरलेली राहिल्याने धूळ बसते, म्हणून एक दिवसाआड ओल्या फडक्याने पुसावी लागते. उष्ट्रासनात गुडघ्यांखाली घडी घातलेले ब्लँकेट लागतेच. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र नैसर्गिक रबर पूर्णपणे टाळावे.

लांबीच्या बाबतीत माझी निवड चुकली. ही मॅट १७३ सेंटिमीटरची आहे आणि शवासनात हात-पाय सैल सोडले की माझ्या टाचा थंड फरशीवर येतात. शरीर स्वस्थ होऊ लागलेले असताना तेवढाच स्पर्श लक्ष वेधून घेतो. पुढच्या वेळी याच जाडीची, पण १८३ सेंटिमीटर लांबीची मॅट घेईन. तोवर टाचांखाली एक जुनी शाल अंथरते.