द्राक्षबागेसाठी मिनी ट्रॅक्टर : टू-व्हील की फोर-व्हील?

९ बाय ५ फुटांची बाग, वेल इंग्रजी वायच्या आकाराच्या मांडवावर चढवायची वाय पद्धत, काळी जमीन आणि मागे ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने औषध मारणारा फवारा. निफाड, पिंपळगाव, ओझर पट्ट्यात बहुतेकांचं असंच आहे, म्हणून तेच धरून लिहितो. एचपी किती, गिअर किती, हायड्रॉलिक किती उचलतं हे शोरूमवाला तोंडपाठ सांगतो, त्यात वेळ घालवत नाही. २४ ते २८ एचपीचा अरुंद ट्रॅक्टर घ्यायचा हे ज्यांचं ठरलंय, पण ताकद फक्त मागच्या चाकांना (टू-व्हील) पुरे की पुढच्यांनाही (फोर-व्हील) हवी, इथे गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे आहे.

मी दोन्ही वापरले आहेत. आधी बरीच वर्षं टू-व्हील होता, आता फोर-व्हील आहे. बाग तीच, ब्लोअरही तोच. कंपन्यांची नावं घेत नाही. प्रश्न कंपनीचा नाहीच, पुढच्या धुऱ्याचा आहे.

टू-व्हीलची बाजू आधी मांडतो, कारण हल्ली ती कुणी मांडत नाही. ओळीच्या टोकाला खांब, खांबाचा ताण (खांब ओढून धरणारी तार) आणि लगेच पुढे बांध, एवढ्या जागेत ब्लोअरसकट वळायचं असतं. तिथे टू-व्हीलसारखा ट्रॅक्टर नाही. पुढची चाकं भरपूर मुरडतात, एका बाजूचा ब्रेक दाबला की जागच्या जागी फिरतो. फोर-व्हील जोडलेला असताना पुढची चाकं वळायच्या आधी सरळ ओढू पाहतात. बेव्हल गिअरचा धुरा असलेल्या मॉडेलांत हा फरक बराच कमी झालाय, पण गेलेला नाही. नव्या ड्रायव्हरच्या हाती दिला तर पहिल्या दिवशी एखादा ताण लागतोच.

दुसरं म्हणजे टू-व्हीलच्या पुढच्या धुऱ्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. किंगपिन, बुश, बेअरिंग. गावातला मिस्त्री दुपारच्या आत खोलून बसवून देतो. फोर-व्हीलच्या पुढच्या धुऱ्यात गिअर आहेत, तेल आहे आणि ते तेल आत राखणारी सीलं आहेत. द्राक्षबागेत या सीलांचा शत्रू चिखल नाही, तार आहे. जुन्या मांडणीची तुटकी तार, बांधायची सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा चाकाच्या हबला गुंडाळला जातो आणि फिरता फिरता सीलपर्यंत पोचतो. सील कापलं की तेल बाहेर आणि पाणी आत. माझ्याकडे ऐन पोंगा अवस्थेत, म्हणजे छाटणीनंतर कोंब फुटत असताना, हे झालं होतं, आणि हवं ते सील येईपर्यंत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून फवारण्या उरकाव्या लागल्या. तेव्हापासून आठवड्याला एकदा दोन्ही हब हाताने चाचपून बघायचे हा नेम आहे, आणि दोन सीलं घरात आणून ठेवलेली असतात. फोर-व्हील घेणार असाल तर हे काम ड्रायव्हरवर सोडू नका.

टायरचंही एक आहे. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने पळतील अशी कंपनीने जुळवणी केलेली असते. पुढचे टायर झिजल्यावर कुणी स्वस्तात मिळाला म्हणून वेगळ्या मापाचा बसवला, की ती जुळवणी बिघडते आणि सगळा ताण गिअरवर येतो. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील जोडून चालवला तरी तेच. आमची दुसरी पट्टी हायवेच्या पलीकडे आहे. सर्व्हिस रोडला लागण्याआधी फोर-व्हीलची लिव्हर काढायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी लागली.

एवढं सगळं टू-व्हीलच्या बाजूने असताना मी बदल का केला? अडकण्यामुळे नाही. अडकणं तर होतंच. गोडी छाटणी (घडांसाठीची) झाली, फुटवे निघाले आणि ऑक्टोबरात पाऊस झाला, तर डाऊनी हा बुरशीचा रोग वाफसा यायची वाट बघत बसत नाही. पान ओलं असतं तेवढ्यातच त्याचं काम होऊन जातं. फुटव्यापासून मणी सेटिंगपर्यंत (मणी धरेपर्यंत) तर घडच धोक्यात असतो. पान गेलं तर दुसरं येतं, घड गेला तर वर्ष गेलं. अशा दिवशी टू-व्हील ओळीत रुतला, की माणसं गोळा करा, दोर लावा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. पण अडकलेला ट्रॅक्टर तासाभरात निघतो. त्याचा त्रास मी अजून काही वर्षं सोसला असता.

माझं मन फिरवलं ते अडकण्याच्या अलीकडच्या गोष्टीने: न अडकता, घसरत घसरत ओळ पार करताना ट्रॅक्टर ज्या चाकोऱ्या पाडून जातो, त्यांनी.

भरलेल्या ब्लोअरचं वजन जवळपास ट्रॅक्टरच्या वजनाला जाऊन भिडतं. टू-व्हीलमध्ये ते सगळं दोन मागची चाकं ओढतात. पुढची चाकं फक्त ढकलली जातात, चिखल पुढे लोटत. मागचं चाक घसरायला लागलं की त्याच्या गुटक्या माती उकरतात, आणि ज्या बाजूची जमीन जरा जास्त ओली तिकडचं चाक जास्त खाली जातं. ठिबकच्या लाइनला गळती असली, बोदाचं (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्याचं) पाणी एका अंगाला उतरत असलं, की हे ठरलेलं. ट्रॅक्टर तरीही बाहेर येतो आणि आपण म्हणतो, निघाला बुवा. मागे मात्र एक बाजू खोल, एक बाजू उथळ अशी चाकोरी राहते.

पुढे ऊन पडतं. आपली काळी माती ओली असताना जशी आहे तशीच वाळते, आणि वाळली की विटेसारखी होते. ती चाकोरी आता माल उतरेपर्यंत तिथेच. रोटाव्हेटर फिरवून मोडावी म्हटलं तर छाटणीनंतर बोदालगतची पांढरी मुळी तुटते, म्हणून फिरवत नाही. पुढची प्रत्येक फवारणी, मग कोरडं असो की ओलं, त्याच चाकोरीतून होते. चाक त्यात आपोआप उतरतं.

आणि ब्लोअर तिरका चालतो. चाक चार बोटं खाली गेलं तरी नोझलच्या कड्याची एक बाजू जमिनीकडे झुकते, दुसरी आभाळाकडे. वायवर घडांचा पट्टा अरुंद असतो. एका बाजूला औषध घडांच्या खालून खोडांवर जातं, दुसऱ्या बाजूला घडांच्या वरून शेंड्यांवर. वरवर बघता पानं ओली दिसतात, म्हणून लक्षात येत नाही. आमच्याकडे एका वर्षी डाऊनीचे डाग ठरावीक ओळींच्या ठरावीक बाजूलाच दिसत होते. औषध बदललं, नोझल बदलली, प्रेशर तपासलं. शेवटी ओळीत वाकून ब्लोअर मागून बघितला, तेव्हा उलगडा झाला.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती निर्यातीच्या बागेवाल्यांनी नीट लक्षात घ्यावी. ब्लोअरला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, पीटीओ, इंजिनावर चालतो. चाक घसरलं तरी पंप त्याच वेगाने औषध फेकत असतो. म्हणजे ट्रॅक्टर जिथे घसरून मंदावतो, तिथल्या झाडांवर हिशेबापेक्षा जास्त औषध पडतं, आणि दरवेळी त्याच झाडांवर. एकरी डोस कागदावर बरोबर असतो, बागेत नसतो. ग्रेपनेटला (निर्यातीच्या बागांच्या नोंदणीला) नोंदवलेल्या प्लॉटचा नमुना रेसिड्यूसाठी, म्हणजे औषधाचे अंश तपासायला, जातो तेव्हा तो कोणत्या ओळीतून उचलला जाईल हे आपल्या हातात नाही. घसरण्यामुळे नमुना फेल गेला असं मी कुणाचं ठामपणे सांगू शकत नाही, पण जी गोष्ट डोळ्यांना दिसते ती चालू ठेवायची माझी तयारी नव्हती.

फोर-व्हीलने हे थांबलं का? पूर्ण नाही, पण बरंच. पुढची चाकं ओढत असल्याने घसरणं कमी, आणि मागची चाकं पुढच्यांनी दाबलेल्या मातीवर येतात. चाकोरी पडते, पण दोन्हीकडे सारखी आणि उथळ. ब्लोअर सरळ राहतो. मी काही मोजमाप केलेलं नाही. ओळीच्या टोकाला उभं राहून मागून बघणं, एवढंच माझं मोजमाप. त्यावर मी समाधानी आहे.

टू-व्हीलवाले यावर दोन उपाय सांगतात, आणि मी दोन्ही केले आहेत. एक, मागच्या टायरमध्ये पाणी भरणं. पकड वाढते हे खरं, पण वजनही वाढतं, आणि काळ्या ओल्या जमिनीत वजन म्हणजे आणखी खोल चाकोरी. मुरमाड जमिनीत मात्र हा उपाय छान चालतो आणि त्याला खर्च जवळपास नाही. दुसरा, डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी कळ. हा सरळ ओळीत खरंच कामाचा आहे, आणि कित्येकांच्या ट्रॅक्टरला तो असूनही वापरला जात नाही. घसरायला लागल्यावर नाही, ओल दिसताच आधी दाबायचा, आणि वळणाआधी न विसरता सोडायचा. टू-व्हील चालवत असाल तर उद्यापासून एवढं करा, निम्मा त्रास वाचेल. उरलेला निम्मा मात्र राहतो, कारण लॉकने दोन्ही चाकं फिरतात, ओढणारी चाकं दोनाची चार होत नाहीत.

ब्लोअर आत न्यायचाच नाही, बांधावर पंप ठेवून माणसांनी पाइप ओढत गनने मारायचं, हाही मार्ग आहे, आणि अगदी पाणी साचलेल्या दिवशी आम्हीही तोच धरतो. तेव्हा पहाटेची डस्टिंगही (औषधाची भुकटी धुरळणं) करतो. पण ऐन पावसात मजूर मिळवणं हा वेगळाच विषय आहे.

एक धोका फोर-व्हीलच्याही बाजूला आहे. जाता येतं म्हणून आपण लवकर जातो. पाऊस थांबून दोन तास झाले नाहीत तोच ट्रॅक्टर ओळीत. जमीन दाबली जाते, आणि ते दाबणं वरून दिसत नाही. मी शक्यतो टाकी अर्धी भरून दोन फेऱ्या करतो. डिझेल जास्त जातं, पण जमीन वाचते.

मग कुणी कोणता घ्यावा? सिन्नरकडची किंवा चांदवडची मुरमाड, निचऱ्याची जमीन असेल तर टू-व्हील पुरे आहे, उगीच धुरा सांभाळत बसू नका. बाग दोन-तीन एकरच असेल आणि शेजारी हक्काने मदतीला येणारा ट्रॅक्टर असेल तरीही टू-व्हीलचाच विचार करा. ब्लोअर लहान आणि लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या दांड्यांवर) उचलायचा असेल तर वजन मागच्या चाकांवरच पडतं, तिथेही टू-व्हील बऱ्यापैकी निभावतो. बागलाणात ज्यांची अर्ली बाग आहे, छाटणीच भर पावसाळ्यात होते, त्यांनी मात्र फोर-व्हीलशिवाय दुसरा विचार करू नये असं मला वाटतं. काळ्या जमिनीत ऑक्टोबर छाटणी असेल तर निर्णय तुमचा, पण मी पुन्हा घेतला तर फोर-व्हीलच घेईन.

किमतीतला फरक मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो लहान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने टू-व्हीलचं ठरवलेल्या काहींच्या बजेटमध्ये फोर-व्हील आवाक्यात येऊ शकतो. महाडीबीटीवर (अनुदानाच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज करताना टू-व्हील आणि फोर-व्हील हे वेगळे प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. आधी अर्ज आणि मग मत बदललं, असं होऊ देऊ नका.

जुना फोर-व्हील बघायला गेलात तर रंग आणि तास नंतर बघा. पुढची बाजू जॅकवर उचलून चाकं हाताने फिरवा आणि हलवून खेळ आहे का बघा. धुऱ्याच्या तेलाचा बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं आहे, तो ट्रॅक्टर सोडून द्या, मालक कितीही ओळखीचा असो. मग लिव्हर टाकून मातीत चालवा आणि पुढची चाकं खरंच ओढतात का हे खाली उतरून बघा. कित्येक ट्रॅक्टरांवर लिव्हर असते, जोडणी झिजलेली असते.

नव्याची ट्रायल शोरूमच्या आवारात घेऊ नका. आपल्याच बागेत, पाणी दिलेल्या ओळीत, ब्लोअर पूर्ण भरून मागा. चालवायला दुसऱ्याला बसवा आणि स्वतः मागे उभे राहा. ओळ संपेपर्यंत नोझलचं कडं आडवं राहतं की कलतं, तेवढं बघा.