स्टेज टूच्या नावाखाली ३ लाख ८५ हजार : ऑक्टाव्हिया व्हीआरएसवाल्यांनो, हे वाचा

माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० ला ट्यूनिंगच्या दुकानात स्टेज टू, म्हणजे सॉफ्टवेअर आणि पार्ट्स बदलून ताकद वाढवणं, करून घेतलं आणि माझी फसवणूक झाली. डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद हातात पडला की आधी एक हिशेब करा. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये (एनएम) घ्या, आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा. किलोवॅट येतात. त्याला १.३६ ने गुणलं की पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर. इंजिन कुठलंही असो, हे गणित बदलत नाही.

मला मिळालेल्या कागदावर ५५०० आरपीएमला टॉर्क ३१० आणि पॉवर २९५ पीएस छापलेली आहे. हिशेब केला तर ३१० ला २४३ पीएस निघतात. २९५ हवे असतील तर त्याच आरपीएमला जवळपास ३७७ एनएम लागतो. म्हणजे ५२ पीएस छापखान्यात तयार झाले. व्हीआरएस २३० कंपनीतून येतानाच त्या आरपीएमला २३० पीएस देते. ३ लाख ८५ हजारांत मिळाले १३, तेही टॉर्कचा आकडा खरा धरला तर.

कागद माझ्या हातात होता, दोन्ही आकडे एकाखाली एक होते, आणि नजर मोठ्या अक्षरातल्या २९५ वर. त्या क्षणाचा संताप अजून जात नाही. पण खरं सांगा, पैसे मोजून गाडी घ्यायला गेलेला कोण माणूस तिथे कॅल्क्युलेटर काढतो? स्टेज वनलाच, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदलून, या इंजिनाचे २९०-३०० सांगतात, त्यामुळे आकडा खटकण्यासारखाही नव्हता. चोरांनी आकडा बरोबर निवडला होता. कागदावर रनची वेळ नाही, तापमान नाही, गियर नाही, हवामानाप्रमाणे आकड्यात केलेलं करेक्शन कुठलं तेही नाही. यातलं एक जरी गायब असेल तर तो कागद रद्दीत घाला.

कोटेशन असं होतं : इंजिनची स्टेज टू फाइल (सॉफ्टवेअर) ९५,०००, डीएसजी या ऑटोमॅटिक गियरबॉक्सची फाइल ४५,०००, डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) '२०० सेल कॅटसह' (कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) १,१०,०००, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) ७८,०००, इनटेक (हवा आत घेणारा भाग) ४२,०००, थंड रेंजचे प्लग ६,०००, आधी-नंतरचे डायनो रन ९,०००. दोन लाख बँकेतून, तेही दुकानाच्या नव्हे तर कुणाच्या तरी सेव्हिंग खात्यावर. उरलेले १,८५,००० रोख. बिल म्हणून लेटरहेडवर 'पार्ट्स व लेबर' अशी एक ओळ, जीएसटी नंबर नाही. या धंद्यात असंच चालतं, असं सगळेच सांगतात. चालतं ते कुणाच्या सोयीसाठी, हे आता कळतंय.

यातला इनटेक तेवढा खरा निघाला. बॉनेट उघडल्यावर दिसतो ना, म्हणून.

इंटरकूलर बदललेलाच नाही. तो बंपरच्या आत, रेडिएटरला चिकटून असतो. वरून कोणाचा बाप सांगू शकणार नाही. गाडी लिफ्टवर घ्या, खालचं प्लास्टिक कव्हर उतरवा (टॉर्क्स स्क्रू आहेत) आणि टॉर्च मारा. कंपनीच्या इंटरकूलरला दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, बाहेरच्या चांगल्या मालाला ओतीव ॲल्युमिनियमच्या. डिलिव्हरी घेताना कव्हर बसवू देऊ नका.

डाऊनपाइप तर कहर. पाइप नवा, पण आत कॅटच नाही, नुसता पोकळ डबा. चेक लाइट लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर घातलेला, म्हणजे कॅट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड उगवतच नाही. तपासायला सेन्सर काढा (२२ चा पाना लागतो) आणि त्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. २०० सेल म्हणजे एका चौरस इंचात २०० भोकं, एका इंचाच्या रेषेत साधारण १४. मोजता येतात. सोबत लोहचुंबक ठेवा : ३०४ ग्रेडचं स्टील म्हणून विकलेला पाइप चुंबकाला घट्ट धरत असेल तर तो ३०४ नाही. आणि काढलेला मूळ कॅट घरी आणाच. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याला भाव आहे. माझा 'कचऱ्यात गेला' म्हणे. जुना कंपनीचा डाऊनपाइप शोधून परत बसवायला ६२,००० गेले, ते वेगळेच.

आता फाइल. दुकानात लॅपटॉपवर '२.३ बार बूस्ट' (टर्बोचा दाब) दाखवतात. तो ॲब्सोल्युट दाब असतो. पुण्याच्या उंचीवर हवेचाच दाब साधारण ९५० मिलिबार आहे, तो वजा करा, उरतो १.३५. व्हीसीडीएस या स्कॅनिंग सॉफ्टवेअरने स्वतः लॉग घ्या, मोकळ्या ट्रॅकवर, तिसऱ्या गियरमध्ये २००० ते ६००० पर्यंत पूर्ण पेडल. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक तापमान, चारही सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (नॉकिंग टाळायला स्पार्क किती उशिरा पडतो ते). रिटार्ड सतत ४ अंशांच्या पुढे जात असेल तर फाइल तुमच्या पेट्रोलसाठी लिहिलेली नाही. ९७ किंवा ९९ ऑक्टेन कायम टाकणार असाल तरच तशी फाइल घ्या, आणि कुठल्या ऑक्टेनची ते लेखी घ्या. माझ्या गाडीत जुनेच प्लग होते, डीएसजीला तर हातही लावलेला नव्हता. कंपनीकडूनच ३५० एनएम ओढणारा तो सहा गियरचा बॉक्स. वर टॉर्क वाढवून क्लचचं प्रेशर तसंच ठेवलं तर क्लच घसरून जळतो.

पॅकेज खरं असतं तरी घ्यावं का? माझं मत, स्टेज टू नको. पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ३५० एनएमलाच टायर ओरडतात. चांगले टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल यांवर लाखभर घाला, घाटात फरक कळेल. वॉरंटी शिल्लक असेल तर फाइलचं नावही काढू नका. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरने ती पकडली की कंपनीच्या नोंदीत टीडी१ (ट्यून केलेली गाडी) चा शिक्का बसतो आणि इंजिन-गियरबॉक्सचा क्लेम संपला.

तक्रारीचं काय झालं? पोलीस ठाण्यात कागद उलटसुलट बघून विचारलं, "गाडी चालतीये ना? मग फसवणूक कसली?" दिवाणी मामला आहे म्हणून अर्ज घेतला, एफआयआर नाही. पोच मागितली तर 'साहेब आल्यावर'. साहेब येतात, जातात, पोच येत नाही. आरटीओत वेगळीच तऱ्हा : मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) माझ्यापुढे धरलं. परवानगीशिवाय बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० दंड, तोही मालकाला! दुकानाची पाटी मात्र भर रस्त्यावर 'स्टेज १, २, ३' म्हणत दिमाखात उभी आहे, तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, डॉकेट नंबर मिळाला, दुकानदाराने उत्तर दिलं नाही, डॉकेट बंद. बंद झाल्याचा मेसेज तेवढा तत्परतेने आला. लुटणारा मोकळा आणि लुटला गेलेला गुन्हेगार, ही व्यवस्था कुणी बसवली ते त्यांनाच विचारा.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार दाखल होते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. व्हॉट्सॲपच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. बदल बेकायदा होता हा मुद्दा समोरचा वकील काढणारच, म्हणून वकिलाला तो पहिल्याच दिवशी सांगा.

आणि नोटीस गेल्यावर दुकानातून गोड फोन येतो : "गाडी घेऊन या, फ्री में अपडेट टाकून देतो." गाडी देऊ नका. तिथे स्टॉक फाइल पडली की पुरावा पुसला गेला. ओबीडीवरून (गाडीतल्या स्कॅनरच्या सॉकेटमधून) 'फाइल वाचली' म्हणतात ते बहुतेकदा सर्व्हरवरून उतरवलेली मूळ फाइल असते, तुमच्या ईसीयूतली (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली) नव्हे. दुसऱ्या ट्यूनरकडून ईसीयू काढून बेंचवर पूर्ण रीड घ्या, तारखेसकट लेखी रिपोर्ट घ्या, मगच कुणाला गाडीला हात लावू द्या.